विशेषणाविना

मंचरच्या महाविद्यालयात मी शब्दशक्ती शिकवतो. एका शब्दाने घर हादरते, हे मात्र गेल्या वर्षी कळले. पत्नीच्या बॅरिअ‍ॅट्रिक शस्त्रक्रियेचा दावा विमा कंपनीने ‘सौंदर्योपचार’ ठरवून नाकारला. झोपेत श्वास अडकून रात्रीतून चारदा उठून बसणारी बाई कसले सौंदर्य शोधत होती?

विमा नियामकाचे २०१९चे निकष वाचले : बीएमआय किमान ४०, अथवा ३५ आणि सोबत झोपेतील गंभीर श्वासरोधासारखा विकार, इतर उपायही थकलेले. तिचा ३८. स्लीप स्टडीचा अहवाल जोडून कंपनीकडे तक्रार केली. तीस दिवस मौन. मग पुण्याच्या विमा लोकपालांकडे. तिथे शुल्क नाही, वकिलालाही प्रवेश नाही. अर्ज मीच लिहिला. एकही विशेषण येऊ दिले नाही.

तिने तो वाचला. म्हणाली, “अहो, यात मी कुठे आहे?”