पीळ

‘सुंभ जळाला तरी पीळ जळत नाही’ ही म्हण शाळेत असताना मी कितीतरी निबंधांत घातली. पण पीळ म्हणजे काय, हे मला कळले ते गेल्या दिवाळीच्या सुटीत, एका अँबॅसडर गाडीखाली उताणा पडून रॉकेलच्या बोळ्याने गंज पुसताना.

माझे वडील मोटार मेकॅनिक. सांगलीत आमचे पत्र्याचे छोटेसे गॅरेज आहे. अण्णा चौथीपर्यंत शिकले. आमच्या घराण्यात कॉलेजची पायरी चढलेला मी पहिलाच. त्यामुळे विजेच्या बिलापासून लग्नपत्रिकेच्या मजकुरापर्यंत सगळे माझ्यापुढे येते आणि मी सांगेन ते खरे धरले जाते. याचा मला थोडा गर्व होता, तो कशाला लपवू?

त्या सुटीत गावभागातील एक वयस्कर गृहस्थ आपली अँबॅसडर घेऊन आले. ही गाडी कोलकात्याजवळ उत्तरपाड्याला तयार होत असे. २०१४ साली तिचे उत्पादन बंद झाले. ऑगस्ट २०१९ च्या महापुरात ही गाडी काही दिवस पाण्यात उभी होती. आता ती पुढून डाव्या अंगाला बसली होती. नातीची वरात याच गाडीतून निघाली पाहिजे, असा आजोबांचा हट्ट होता.

अँबॅसडरला मागे कमानपाटे असतात. पुढे मात्र पाटेही नाहीत आणि स्प्रिंगची वेटोळीही नाहीत. तेथे दोन बाजूंना दोन सरळ पोलादी दांडे असतात. त्यांना टॉर्शन बार म्हणतात. ओले धुणे पिळताना एक टोक आईने घट्ट धरावे आणि दुसरे आपण फिरवावे, तसा हा प्रकार. बारचे मागचे टोक गाडीच्या बुडाला पक्के धरलेले, पुढचे चाकाच्या आर्मला. चाक वर उचलले की बारला पीळ बसतो आणि तो पीळ सोडवू पाहणारा बार चाकाला पुन्हा खाली ढकलतो.

अण्णांनी बॅटरीच्या उजेडात बारवरून बोट फिरवले. गंजाने बारीक खड्डे पडले होते. “नुसती उंची वाढवून भागायचं न्हाई. असल्या खड्ड्यातनंच चीर सुरू होती. जोडी बदलाय पायजे,” ते म्हणाले.

“मग कुपवाडला लेथवर चांगली एक सूत जाड करून आणू,” आजोबा म्हणाले. “पुन्हा बसायला नको.”

“नगं. मूळ मापाचीच घालायची. सूतभर जाड केली की गाडी दगड हुती. आन् नुसतं लेथवर चढवून चालत न्हाई, पोलादाला पाणी बरूबर द्याय लागतं.”

आजोबा माझ्याकडे वळले. “तू कॉलेजात आहेस ना? तू सांग बाबा.”

मी बी. ए. भाग दोनचा विद्यार्थी. माझे विषय मराठी आणि इतिहास. तरीही मी ठामपणे म्हणालो, “जाड म्हणजे मजबूतच की. सूतभराने असा काय फरक पडणार?”

अण्णा काही बोलले नाहीत. पाना पुसत आत गेले. तीस वर्षे गाड्यांखाली काढलेल्या माणसाच्या शब्दापेक्षा माझा शब्द जड ठरला होता, आणि तो जड करणारे माझे ज्ञान नव्हते, माझे कॉलेज होते.

रात्री झोप लागेना. दुसऱ्या दिवशी विज्ञान शाखेतल्या एका मित्राला गाठले. त्याने वहीत सूत्र लिहून दिले : बारचा ताठपणा व्यासाच्या चौथ्या घाताच्या प्रमाणात वाढतो. इंचभर जाडीचा बार सूतभर, म्हणजे इंचाचा आठवा भाग, वाढवला तर ताठपणा सव्वापट नव्हे, तब्बल १.६ पट होतो! मित्राने आणखी एक गोष्ट सांगितली. अमेरिकेत क्रायस्लर कंपनीने १९५७ पासून आपल्या गाड्यांना पुढे असेच बार बसवले. तिकडच्या जुन्या वेगवान गाड्यांचे हौशी मालक मुद्दाम जाड बार घालतात. वळणावर गाडी कमी कलते. पण त्यांचे रस्ते निराळे, गरज निराळी. आपल्या खड्ड्यांत तोच बार प्रत्येक हादरा पुराने गंजलेल्या बुडाला पोचवणार.

मी थेट आजोबांच्या घरी गेलो. “काल मी चुकीचं सांगितलं. अण्णांचंच बरोबर आहे,” एवढे म्हणायला मला उंबऱ्यात बराच वेळ लागला. आजोबा हसले. “कबूल करायला आलास, हेही शिक्षणच की रे,” म्हणाले.

कोल्हापुरात जुन्या सुट्या भागांच्या दुकानात मूळ मापाची, न वापरलेली जोडी मिळाली. अण्णांनी गाडी जॅकवर घेतली, आर्मला आधार दिला आणि बारचा ताण हळूहळू उतरवला. “घाई केलीस तर हात मोडंल. पीळ आत असतो, दिसत न्हाई,” ते म्हणाले. नव्या बारांवर त्यांनी माझ्याकडून खडूने ‘डा’ आणि ‘उ’ लिहून घेतले. एकदा पीळ बसलेला बार दुसऱ्या बाजूला घालायचा नसतो; तिकडे तो उलटा पिळला जातो आणि तुटू शकतो.

काम संपल्यावर सपाट फरशीवर दोन्ही बाजूंची उंची मोजली. सारखी भरली. मग मी पत्र्याच्या भिंतीवर खडूने ते गणित मांडून दाखवले. अण्णा बराच वेळ बघत उभे राहिले.

“म्हंजे तीच संख्या चारदा घिऊन गुणायची?”

“हो. त्याला चौथा घात म्हणतात.”

“मग चौथी शिकलेला माणूस चौथ्या घातापतूर पोचला म्हण की!” ते मोठ्याने हसले.

मी हसलो खरा, पण माझ्या आतला कसला तरी पीळ त्या हसण्याने सुटत होता. वरात थाटात निघाली. भिंतीवरचे गणित अण्णांनी अजून पुसलेले नाही. नवे गिऱ्हाईक आले की ते तिकडे बोट दाखवतात आणि सांगतात, “पोरानं लिवलंय.”

हिशेब त्यांचा आहे, हे मी दर वेळी सांगतो.