पैसे आले, कुठे गेले?

शिक्षकाच्या हातात जसा खडू असतो, तसा एखादा सरकारी फॉर्मही असतो. मतदार यादीचे काम असो, 4 जुलै 2015 ची शाळाबाह्य मुलांची पाहणी असो, की जानेवारी 2024 मधील राज्य मागासवर्ग आयोगाचे सर्वेक्षण असो, दारोदार फिरण्याची जबाबदारी शेवटी शिक्षकांवरच येते. साक्रीत उर्दू माध्यमात शिकवणारे आम्हीही त्यातलेच. अशा वेळी लोक उत्तरे देतात, पण फॉर्मात मावतील एवढीच. म्हणून 2025 च्या दिवाळीच्या सुट्टीत आम्ही चौघे, दोन सर आणि दोन आपा, काही विद्यार्थ्यांच्या घरी फॉर्मशिवाय गेलो. विचारायचे एवढेच होते : सरकारकडून घरात जे पैसे आले, त्यांचे काय केले?

हा प्रश्न आम्ही अमेरिकेतल्या एका पाहणीवरून घेतला होता. 2001 साली तिथल्या सरकारने करदात्यांना कराची काही रक्कम परत केली. एकट्या माणसाला 300 डॉलरपर्यंत, जोडप्याला 600 डॉलरपर्यंत. लोकांनी खरेदी करावी आणि बाजार हलावा, हा हेतू. मॅथ्यू शॅपिरो आणि जोएल स्लेमरॉड या मिशिगन विद्यापीठातील अर्थतज्ज्ञांनी फोनवरून घराघरांत विचारले की, या पैशांनी तुम्ही मुख्यतः खर्च वाढवाल, बचत कराल की कर्ज फेडाल? शंभरातले सुमारे 22 जणच खर्च वाढवू म्हणाले. 2008 मध्ये पुन्हा पैसे दिले गेले, तेव्हाही खर्च सांगणारा पाचात एकच निघाला आणि जवळपास निम्म्यांनी कर्ज सांगितले.

आमच्या मोहल्ल्यात प्राप्तिकर भरणारी घरे बोटांवर मोजण्याइतकी. गॅरेज, वेल्डिंग, फळांची हातगाडी आणि सुरतेच्या रस्त्यावरची ड्रायव्हरी यांवर जगणाऱ्या घरांना करात सूट कुठून मिळणार? परंतु ऑगस्ट 2024 पासून या घरांतही सरकारचे पैसे थेट येऊ लागले. मुख्यमंत्री माझी लाडकी बहीण योजनेत अडीच लाखांच्या आत वार्षिक उत्पन्न असलेल्या कुटुंबातील 21 ते 65 वयाच्या स्त्रियांना दरमहा 1500 रुपये जाहीर झाले. जुलै आणि ऑगस्टचे मिळून पहिले 3000 रुपये एकदमच जमा झाले.

कुणी म्हणेल, ही मदत आहे, कराची सूट नव्हे. पण या बाया कर भरत नाहीत असे कोण म्हणते? 22 सप्टेंबर 2025 पूर्वी अंगाच्या साबणावर, डोक्याच्या तेलावर आणि टूथपेस्टवर 18 टक्के जीएसटी होता. त्या दिवसापासून तो 5 टक्के झाला. छापील किमतीतच तो मिसळलेला असल्यामुळे दिसत नाही एवढेच. वर्षानुवर्षे साबणाच्या वडीबरोबर जे गेले, त्यातलेच थोडे खात्यात परत आले असे म्हटले, तर काय चुकले?

पहिल्याच घरी पिको-फॉल करणाऱ्या एका बाईंनी हसत सांगितले, "सर, आया और गया." पहिले तीन हजार त्यांनी सरळ किराणा दुकानदाराला नेऊन दिले. उधारीच्या वहीतली जुनी पाने पुसली गेली. आम्ही मनात म्हटले, हे कर्जफेडीच्या रकान्यात. मग त्या पुढे म्हणाल्या, "त्याच संध्याकाळी त्याच्याकडूनच आटा, तेल आणि चहापत्ती आणली. आधीचे दिले नसते तर त्याने नवे दिले असते का?" आता हे कर्ज फेडणे झाले की खर्च? त्यांच्या लेखी दुकानदारापुढे पुन्हा मान वर करून उभे राहता आले, हा खरा फायदा होता. त्यासाठी आमच्याकडे रकानाच नव्हता.

दुसऱ्या एका घरी ओट्यावर खुर्च्या मांडल्या गेल्या. घरमालक म्हणाले, "घरातच लागले पैसे, दुसरे काय!" आम्ही दोघे सर चहा घेऊन उठणार, तोवर आतून दोन्ही आपा बाहेर आल्या. आत त्यांना वेगळेच कळले होते. घरमालकीण दर महिन्याला 1000 रुपये बीसीत टाकत होती. नंबर लागला तेव्हा मिळालेल्या रकमेतून तिने जुनी शिलाई मशीन घेतली. नवऱ्याला तिने मशीन माहेरची म्हणून सांगितली होती. अमेरिकेतला फोन ज्याने उचलला, त्याचे उत्तर घराचे उत्तर ठरले असेल. आमच्याकडे ओट्यावरचे उत्तर वेगळे आणि चुलीजवळचे वेगळे. पैसे कुणाच्या नावावर आले, याला म्हणूनच महत्त्व आहे.

तिसरे घर एका विधवा बाईंचे. मुलाच्या दवाखान्यासाठी त्यांनी गटातून फायनान्सचे कर्ज काढले होते. आठवड्याला हप्ता. हप्त्याच्या दिवशी पैसे नसले की गटातल्या इतर बायांची बोलणी खावी लागत. सरकारचे पैसे त्यांनी महिनोन्महिने फक्त त्यातच भरले. "सूद से छूटी," एवढेच त्या म्हणाल्या आणि गप्प बसल्या. आपल्या समाजात या शब्दांचे वजन काय आहे, हे वाचकांना सांगायला नको. पाहणीच्या कागदावर त्याची फक्त एक खूण उमटते.

परतीच्या वाटेवर एका म्हाताऱ्या दादींनी आम्हाला अडवले. आम्ही घरोघर काय विचारत फिरतो, हे त्यांच्या कानावर गेले होते. त्यांनी सरळ विचारले, "तुम लोगों को कितना मिला? और तुमने क्या किया?"

प्रश्न रास्त होता. 1 फेब्रुवारी 2025 च्या केंद्रीय अर्थसंकल्पात नव्या करपद्धतीत 12 लाखांपर्यंतच्या उत्पन्नावरचा कर कलम 87 अ च्या सवलतीने शून्यावर आला. आमच्यासारख्या एखाद्या शिक्षकाचा वर्षाचा पगार 9 लाख 75 हजार धरू. 75 हजारांची प्रमाणित वजावट जाता उरले 9 लाख. त्यावर 2024-25 मध्ये उपकरासह 41,600 रुपये कर बसत होता. पुढच्या वर्षी काहीच नाही. दरमहा 1500 म्हणजे वर्षाचे 18,000. म्हणजे दादींच्या सुनेला जे मिळाले, त्याच्या दुपटीहून अधिक आमच्याकडे राहिले. त्यासाठी आम्हाला रांगेत उभे राहावे लागले नाही, रेशनकार्ड दाखवावे लागले नाही. पैशांचे काय केले, हे विचारायला कुणी दारातही आले नाही. त्या 1500 ला चहाच्या टपरीवर 'फुकटचे पैसे' म्हणतात. आमच्या 41,600 ला 'मध्यमवर्गाला दिलासा' म्हणतात. शब्दांतला हा फरक आमच्या स्टाफरूममध्येही रोज ऐकू येतो.

दादींना आम्ही आकडा सांगितला. दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर मात्र एकमेकांना विचारून गोळा करावे लागले. एका सरांनी प्लॉटचा हप्ता सांगितला. एका आपाने भावाच्या लग्नाचे नाव घेतले. बाकी दोघांचे पैसे पगाराच्या खात्यात मिसळले आणि महिन्याच्या खर्चात विरले. मोहल्ल्यातल्या बाया मात्र पैशापैशाचा हिशेब तोंडी सांगत होत्या. कोणत्या महिन्याचा हप्ता उशिरा आला आणि त्या महिन्यात काय अडले, हेही त्यांना पाठ होते. ज्यांना पैसे वापरता येत नाहीत असे आपण समजतो, त्यांच्याकडेच पक्का हिशेब आहे.

उद्या सरकारने हाच प्रश्न घेऊन आम्हाला पाठवले, तर आम्ही जाऊ. आमची मागणी एवढीच राहील की, खर्च, बचत आणि कर्ज या तीन रकान्यांखाली बाईच्या स्वतःच्या शब्दांसाठी दोन ओळी कोऱ्या सोडाव्यात. प्रश्न घरातल्या बाईलाच विचारावा. आणि ज्या घरांना भेट द्यायची, त्यांच्या यादीत आम्हा शिक्षकांची घरेही असावीत.