आईच्या खोलीतले ऊन

आमच्या घरातले दिवे मालवण्याचे काम आईकडे आहे. ते तिला कोणी सोपवलेले नाही. तिने ते आपणहून पत्करले आणि आज वयाच्या चौऱ्याऐंशीव्या वर्षीही ती ते निष्ठेने पार पाडीत आहे. कोणी खोलीतून उठून बाहेर गेले, की मागोमाग तिच्या काठीचा आवाज येतो, बटण वाजते आणि रिकामी खोली अंधारून जाते. नातवंडे तिची थट्टा करतात. "आजी, हा दिवा अवघा नऊ वॅटचा आहे. पूर्वी साठ वॅटचा होता तो वेगळा." त्यावर तिचे उत्तर ठरलेले असते. "नऊ तर नऊ. पण तिथे कोणी बसले आहे का?"

वसईतल्या आमच्या वाडीत वीज आली तेव्हा मी चौथीत होतो. त्याआधी घरात दोन कंदील होते. तिन्हीसांजेला त्यांच्या काचा राखेने पुसणे हे आईचे काम. रॉकेल रेशनवर मोजून मिळे. त्यामुळे मुलांचा अभ्यास संपला, की वात खाली जाई. उजेड ही मोजून वापरण्याची वस्तू आहे, हे ती तेव्हा शिकली आणि पुढे कधी विसरली नाही. तिच्या या सवयीला आम्ही अनेक वर्षे चिकटपणा म्हणत आलो. त्या शब्दाची लाज मला फार उशिरा वाटली. ती कशी, ते सांगण्यासाठीच हा लेख.

आजोबांनी बांधलेले आमचे जुने घर मंगलोरी कौलांचे होते. बासेल मिशनच्या लोकांनी १८६५ साली मंगळूरला या कौलांचा कारखाना काढला आणि पुढे ती कौले सबंध पश्चिम किनाऱ्यावर पसरली. ऊन उतरले, की कौल लवकर निवते. कौलांच्या फटींतून आणि आढ्याखालच्या मोकळ्या जागेतून गरम हवा वर निघून जाते. भिंती जाड होत्या, पागोळ्या दूरवर पडत, त्यामुळे भिंतींवर ऊन येत नसे. मागे केळीची बाग आणि बावखल होते. दुपारनंतर समुद्रावरून येणारा वारा बागेतून गाळून पडवीत शिरे. एप्रिल-मेमध्येही माजघरात अंगावर चादर लागे, असे मी सांगितले तर माझ्या मुलांना ते खरे वाटत नाही.

पण त्या घराचे मी उगाच गोडवे गाणार नाही. दर पावसाळ्याआधी कौले शाकारावी लागत, माणसे मिळेनाशी झाली होती, वाशांना वाळवी लागली होती आणि आतल्या खोल्या भर दुपारी काळोख्या असत. २००८ साली आम्ही ते घर उतरवले व त्या जागी स्लॅबचे एकमजली घर बांधले. निम्मे बावखल बुजवून गाडीसाठी जागा केली. सगळे ठरत असताना आईने एकच प्रश्न विचारला होता, "वारा कुठून येणार?" ठेकेदार हसून म्हणाला, "आजी, प्रत्येक खोलीत पंखा देतो." आम्हीही हसलो. त्या प्रश्नाचे उत्तर मात्र कोणीच दिले नाही.

स्लॅबच्या घराचा स्वभाव आम्हांला पहिल्याच उन्हाळ्यात कळला. काँक्रीट सावकाश तापते आणि सावकाशच निवते. दिवसभर पिऊन घेतलेले ऊन ते रात्री खोलीत सोडू लागते. संध्याकाळी बाहेर गार वारा सुटलेला असे आणि आत मात्र छत भट्टीसारखे तापलेले. आईची खोली नैर्ऋत्य कोपऱ्यातली, म्हणजे डोक्यावर स्लॅब आणि पश्चिमेच्या भिंतीवर मावळतीपर्यंत ऊन. २०१९ साली मी तिच्या खोलीत एसी बसवला आणि आपले कर्तव्य संपले असे मानले.

तिने तो लावलाच नाही. मी रात्री जाऊन सुरू करी. मी झोपलो, की ती बंद करी. "मला बाधतो," असे ती म्हणे. एकदा मी चिडून म्हणालो, "बिल मी भरतो ना? मग तुझे काय जाते?" ती काही बोलली नाही. पंखाही ती मध्यरात्री बंद करून पाहत असे, हे मला नंतर कळले.

२०२२ च्या मे महिन्यात एका रात्री दोनच्या सुमारास मी पाणी प्यायला उठलो, तर मागचे दार उघडे होते. आई पायरीवर भिंतीला टेकून बसली होती. हाक मारली तरी नीट बोलेना. अंग तापलेले, जीभ कोरडी. शरीरातले पाणी व क्षार कमी झाले होते. दोन दिवस तिला सलाइनवर ठेवावे लागले. निघताना डॉक्टरांनी साधा प्रश्न विचारला, "रात्री त्यांच्या खोलीत तापमान किती असते?" माझ्याकडे उत्तर नव्हते. माझी आई ज्या खोलीत चौदा वर्षे झोपत होती, त्या खोलीत किती उष्मा असतो हे मी कधी मोजले नव्हते.

माझा भाचा विजेची कामे करतो. पुढच्या रविवारी तो दोन लहान उपकरणे घेऊन आला. एक पृष्ठभागाचे तापमान दुरून दाखवणारे. दुसरे प्लगमध्ये लावायचे. त्यात टीव्ही किंवा फ्रिज जोडला, की तो किती वीज घेतो ते आकड्यांत दिसे. "मामा, आधी काही विकत घेऊ नका," तो म्हणाला. "आधी घर काय करते ते बघू." रात्री अकरा वाजता आईच्या खोलीतली हवा ३४ अंशांवर होती आणि छताचा खालचा पृष्ठभाग ३९ अंशांवर. म्हणजे आई अंगाइतक्याच तापलेल्या दगडाखाली झोपत होती आणि पंखा छतालगतची तीच हवा तिच्यावर ढकलीत होता.

विजेचे आकडेही बोलके निघाले. बंद टीव्हीशेजारचा सेट-टॉप बॉक्स रात्रंदिवस १२ वॅट घेत होता. महिन्याचे साडेआठ युनिट त्यातच जात. वीस वर्षांच्या फ्रिजच्या दाराचे रबर सैल झाले होते आणि तो दिवसाला जवळजवळ अडीच युनिट खात होता. ज्या दिव्यांवरून आम्ही आईची थट्टा करीत होतो, त्यांचा वाटा खरोखरच थोडा होता. पण आमची उधळपट्टी जिथे चालली होती, तिथे बटण बंद करायला कोणीच जात नव्हते.

भाच्याने जो क्रम सांगितला, तो मला अजून मोलाचा वाटतो. आधी घरात येणारी उष्णता अडवायची. मग वाया जाणारी वीज थांबवायची. मग जुनी यंत्रे बदलायची. आणि वीज निर्माण करण्याचा विचार सर्वांत शेवटी. बहुतेक लोक याच्या उलट जातात. मीही एसीपासूनच सुरुवात केली होती.

पहिले काम गच्चीचे. गळती थांबवणारा थर देऊन त्यावर पांढऱ्या फरशीचे तुकडे बसवून घेतले. पांढरा पृष्ठभाग बरेचसे ऊन परत पाठवतो. अहमदाबाद शहराने २०१३ साली उष्णतेपासून बचावाची योजना आखली व पुढे त्यात गरीब वस्त्यांची छपरे पांढरी करण्याचे काम जोडले. तेलंगणाने तर २०२३ साली थंड छपरांचे धोरणच जाहीर केले. पश्चिमेच्या खिडकीवर बाहेरून बांबूचा पडदा सोडला, कारण ऊन काचेच्या आत आल्यावर आतला पडदा ओढून फारसा लाभ होत नाही. भिंतीत छताखाली झरोका पाडला आणि त्यात गरम हवा बाहेर फेकणारा लहान पंखा बसवला. तापमान बाहेर उतरले, की तो आपोआप सुरू होतो. पुढच्या मे महिन्यात त्याच वेळी छत मोजले, तर ते ३४ अंश भरले. पाच अंशांचा हा फरक कागदावर लहान दिसतो. उशीवर तो फार मोठा असतो.

मग पंखा बदलला. जुना ७५ वॅटचा होता. नव्या बीएलडीसी जातीचा २८ वॅटचा. त्याच्या फिरत्या भागात कायमचे चुंबक असतात, म्हणून तिथे चुंबकत्व निर्माण करण्यासाठी वीज खर्चावी लागत नाही. फ्रिज बदलला. एसी जुनाच ठेवला, पण तो सव्वीस अंशांवर आणि सोबत मंद पंखा, असा नियम केला. ऊर्जा कार्यक्षमता ब्यूरो ही केंद्र सरकारची संस्था २००२ पासून या कामात आहे. यंत्रांवरचे तारे तिनेच आणले. एसीचे तापमान एक अंशाने वाढवले तर सुमारे सहा टक्के वीज वाचते, असे ती सांगते. लोक मात्र एसी अठरावर ठेवून दुलई ओढून झोपतात.

ज्या रात्री नवा पंखा बसवला, त्या रात्री आईने मला खोलीत बोलावले. "हा रात्रभर चालला तर किती जाते?" मी हिशेब केला : नऊ तासांचे पाव युनिट. "आणि आधीचा?" पाऊण युनिटाच्या आसपास. ती क्षणभर पंख्याकडे पाहत राहिली. मग म्हणाली, "हे मला आधी कोणी सांगितले नाही. तुझा पगार बंद झाल्यापासून मला वाटे, आपल्या झोपेपायी याला भुर्दंड नको."

मी खाटेच्या कडेवर बसून राहिलो. ज्याला मी हट्ट म्हणत होतो, ती माझ्याविषयीची काळजी होती. ती विजेला घाबरत नव्हती. मुलावर भार होण्याला घाबरत होती. आणि मी तिला यंत्र आणून दिले होते, पण त्याचा हिशेब सांगितला नव्हता. त्या दिवसापासून भाच्याचे उपकरण तिच्या एसीच्या प्लगला कायमचे लावून ठेवले आहे. चष्मा लावून ती आकडा वाचते. फार उकाड्याच्या रात्री ती आता आपण होऊन एसी लावते आणि खोली निवली, की आपण होऊन बंद करते.

गोष्ट इथेच संपली असती तर बरे झाले असते. २०२४ च्या फेब्रुवारीत पंतप्रधान सूर्यघर योजना सुरू झाली. तीन किलोवॅटसाठी ७८,००० रुपयांचे अनुदान होते, म्हणून त्या वर्षी आम्ही गच्चीवर उंच सांगाडा उभारून सौरपट्ट्या बसवल्या. वर्षाची सरासरी काढली तर दिवसाला दहा-बारा युनिट मिळतात, पावसाळ्यात कमी. सावलीमुळे स्लॅबही आणखी थंड राहतो. पण बिल जवळजवळ शून्यावर आले आणि आमचे हात सैल झाले. दिवाणखान्यात दुसरा एसी आला. कोणी नसले तरी तो चाले. वर्षाअखेर पाहिले, तर घराचा एकूण वापर आधीपेक्षा वाढला होता. विल्यम स्टॅन्ली जेव्हन्स या इंग्रज अर्थशास्त्रज्ञाने १८६५ साली, म्हणजे मंगळुरात कौलांचा तो कारखाना निघाला त्याच वर्षी, कोळशाविषयी हेच लिहून ठेवले आहे : वाफेचे इंजिन काटकसरी झाले, की कोळशाचा एकूण खप कमी न होता वाढतो. यंत्र काटकसरी झाले म्हणून माणूस काटकसरी होत नाही. मी ही गोष्ट पुस्तकातून शिकलो नाही, माझ्याच मीटरवर वाचली.

एका दुपारी रिकाम्या दिवाणखान्यातला एसी बंद करून आई बाहेर आली. मुलगा म्हणाला, "आजी, आता वीज उन्हाची आहे. फुकट आहे." आई म्हणाली, "विहिरीचे पाणीही फुकटच होते. म्हणून आम्ही ते ओतून देत नव्हतो." मुलाने उत्तर दिले नाही. मीही दिले नाही. आमच्याकडून उरलेली वीज तारेने शेजारच्या कोणाच्या तरी घरात जाते, तिथेही एखादी म्हातारी पंख्याखाली झोपत असेल, हे मात्र मी त्याला संध्याकाळी सांगितले. त्यानंतर दिवाणखान्यात माणसांची चाहूल नसली, की एसी बंद करणारे यंत्र त्याने स्वतःच आणून बसवले. ते आपले काम चोख करते. आईचा त्याच्यावर अजून पूर्ण विश्वास बसलेला नाही. ती एकदा जाऊन पाहून येते.

गच्चीवरच्या पांढऱ्या फरशीला वसईच्या पावसात शेवाळ धरते. ते घासले नाही, तर ती पुन्हा ऊन पिऊ लागते. दर दिवाळीच्या आधी मी आणि मुलगा ब्रश घेऊन वर जातो. पूर्वी कौले शाकारावी लागत, आता फरशी घासावी लागते. घर जुने असो वा नवे, त्याच्याकडे लक्ष देण्यातून माणसाची सुटका नाही.

हे लिहीत असताना रात्रीचे अकरा वाजून गेले आहेत. आईच्या खोलीत पंखा चालू आहे; त्याचा आवाज इतका कमी, की तिचा संथ श्वास ऐकू येतो. झोपण्यापूर्वी मी भिंतीवरच्या तापमापकाकडे पाहिले. एकोणतीस. आता हा आकडा मला रोज माहीत असतो.