उघाडी कुणाच्या हातात?

हिवाळ्यात उरणजवळ पाणजेच्या बांधावर उभं राहिलं की एका बाजूला कंटेनरच्या ट्रेलरांची घरघर आणि दुसऱ्या बाजूला शेकाट्यांचे लांब तांबडे पाय. तुतवारांची चिखलात लगबग चालू असते. रोहित पक्षी मात्र घाईत नसतात.

हे पक्षी भरतीच्या घड्याळावर जगतात. ओहोटीला खाडीचा चिखल उघडा पडतो, तेव्हा ते तिथं चरतात. पाणी चढलं की चिखल बुडतो, मग टेकायला उथळ, निवांत जागा लागते. ती त्यांना नेरुळ-उरणच्या पाणथळींत सापडते. ठाणे खाडीचा सुमारे 1,690 हेक्टरचा पट्टा 2015 मध्ये रोहित अभयारण्य झाला, 2022 मध्ये रामसर यादीत गेला. छानच झालं. पण पाहुण्याचं ताट राखायचं आणि अंथरूण गुंडाळायचं, असा हा पाहुणचार.

अंथरूण गुंडाळायला दरवेळी भराव लागतोच असं नाही. उरणच्या खारजमिनीला बांध आहेत, बांधांना उघाड्या, म्हणजे पाणी अडवायची-सोडायची दारं. आगरी शेतकरी खाऱ्या पाण्यापासून भात वाचवायला त्या वापरायचा; कधी लावायची, कधी सोडायची, हे त्याला चंद्राकडे बघून कळायचं. आता उघाडीत राडारोडा बसतो आणि भरती बाहेरच अडते. काही महिन्यांत जमीन भेगाळते. मग कुणीतरी नकाशा पसरून विचारतं, इथं पाणी आहेच कुठं?

कायदाही त्याच्या मदतीला येतो. 2017 च्या पाणथळ नियमांनी भातखाचरं आणि मिठासाठी बांधलेली आगरं व्याख्येतूनच वगळली. उरणच्या कितीतरी पाणथळींचा जन्म मात्र पडीक खाचरांत आणि मोडलेल्या मिठागरांतच झालेला. मीठ पिकायचं थांबलं, तिवरं वाढली, मासे आले, त्यांच्यामागे पक्षी. माणसानं बांध घातला होता म्हणून ही पाणथळ नव्हे, असं म्हणायला कागदाचंच काळीज हवं.

अर्थात, दुर्बीण गळ्यात अडकवून शहरातून येणाऱ्या माझ्यासारख्यानं इथं जरा जपून बोलावं. 1984 च्या जानेवारीत जमिनीच्या न्याय्य मोबदल्यासाठी शेतकरी नेते दि. बा. पाटलांच्या मागे उभ्या राहिलेल्या इथल्या शेतकऱ्यांवर गोळीबार झाला, पाच जण गेले. त्या गावांना पक्ष्यांची थोरवी ऐकवण्यात कसला शहाणपणा? त्यांच्याशी बोलायचं तर कोळंबी, निवटी, चिंबोरीबद्दल बोलावं. अडलेल्या भरतीत रोहितांबरोबर कोळ्याचं जाळंही रिकामं राहतं. आणि पसरायला जागा न उरलेलं पावसाचं पाणी शेवटी उंबऱ्याशीच येतं.

म्हणून मला आधी नव्या अभयारण्याची पाटी नको आहे. प्रत्येक उघाडी कुणाच्या ताब्यात आहे, ती शेवटची कधी साफ झाली आणि उधाणाला कोण उघडणार, हे ग्रामपंचायतीच्या फळ्यावर लिहिलेलं हवं.