राखणीचा धडा : जळगावहून बारीपाड्यास

आमच्या जळगावच्या वसाहतीमागे, नाल्याला लागून एक खुला भूखंड आहे. २०१६ च्या जुलैत आम्ही तेथे ११० रोपे लावली. त्याच वर्षी १ जुलैला राज्यात एका दिवसात २ कोटी झाडे लावण्याचा कार्यक्रम झाला होता, त्यामुळे सगळीकडे उत्साह होता. आम्ही निंब, करंज, चिंच, सीताफळ आणि दोन पिंपळ लावले. पिंपळाजवळ मुलांनी त्रिसरण-पंचशील म्हटले, फोटो निघाले, चहा झाला. पुढच्या मे महिन्यात पारा ४५ अंशांवर गेला. जूनमध्ये रोपे मोजली तेव्हा १९ जगली होती.

पुढे दोनदा लावली, दोन्ही वेळा तीच गत झाली. आम्ही दोष दिला तो वसाहतीच्या टोकाला झोपडीत राहणाऱ्या एका बाईला. तिच्या पाच शेळ्या होत्या, आणि कुंपणाच्या काट्याही तीच चुलीसाठी ओढून नेत असे. एकदा आम्ही चौघांनी मिळून तिला दटावले. ती शांतपणे म्हणाली, "भाऊ, मी बकऱ्या कथी चारू? तुमना हापिसमा?" आम्ही चिडून परत आलो. तिच्या प्रश्नाला आमच्याजवळ उत्तर नव्हते, हे तेव्हा लक्षात आले नाही.

जानेवारी २०२५ मध्ये धुळे जिल्ह्यातील बारीपाडा गावच्या चैत्राम पवार यांना पद्मश्री जाहीर झाली. एम.कॉम. झालेला आदिवासी तरुण नोकरीमागे न जाता गावात राहिला आणि गावकऱ्यांसह त्याने उजाड डोंगर हिरवा केला, हे वाचून आम्हा बी.कॉम. कारकुनाला विशेष वाटले. जंगल कसे टिकते ते डोळ्यांनी पाहू या, असे ठरले. पावसाळ्यात आम्ही आठ जण निघालो. त्यात तीन भगिनी, दोन शिक्षक आणि एस.टी.तील एक वाहक होते. शिदोरीला कळण्याची भाकर आणि ठेचा होता.

जळगाव ते धुळे हे अंतर नव्वदेक किलोमीटरचे. रस्ताभर कपाशी आणि केळी. धुळ्यापुढे साक्रीच्या वाटेला लागले की जमीन हलकी होते आणि झाडे विरळ होतात. पिंपळनेर मागे पडल्यावर मात्र सह्याद्रीच्या रांगा समोर येतात, हवा ओली होते आणि गुजरातची हद्द जवळ आल्याचे कळते. धुळे शहरातून वाहणारी पांझरा याच डोंगरपट्ट्यातून येते. वरचा डोंगर बोडका झाला तर खाली शहराचा घसा कोरडा पडणार, हे या रस्त्याने जाताना कोणी न सांगता समजते.

बारीपाडा हे साक्री तालुक्यातील कोकणा आदिवासींचे शंभरएक घरांचे गाव. १९९० च्या सुमारास येथील डोंगरही तुटून गेला होता. विहिरी आटत, बायकांना पाण्यासाठी दूर पायपीट करावी लागे आणि हाताला काम नसल्याने माणसे बाहेर पडत. १९९२ पासून गावाने जंगल राखायला घेतले. वनवासी कल्याण आश्रमाचे कार्यकर्तेही सोबत होते. त्याच वर्षी शासनाने संयुक्त वनव्यवस्थापनाचे धोरण आणले होते. आज सुमारे ४४५ हेक्टर, म्हणजे ११०० एकर जंगल या गावाने सांभाळले आहे.

आमची कल्पना होती की एवढे जंगल म्हणजे लाखो रोपे लावली असतील. ती चुकीची निघाली. तुटलेल्या झाडाची मुळे जमिनीत जिवंत असतात. कुऱ्हाड आणि जनावराचे तोंड थांबले की खुंटांना धुमारे फुटतात, पडलेले बी रुजते, गवत माती धरून ठेवते. जंगल बहुतांशी आपले आपण परत येते. माणसाने करायचे ते त्याला त्रास न देण्याचे काम. ऐकायला हे सोपे आहे, पण करायला अवघड, कारण ते एका दिवसाचे नाही. रोज कोणीतरी फिरायला हवे, उन्हाळ्यात वणवा दिसला की हातातले काम टाकून धावायला हवे, आणि नियम मोडणारा आपला सोयरा असला तरी दंड मागायला हवा. बारीपाड्याने कुऱ्हाडबंदी केली, चराईवर बंधने घातली, दंड ठरवला. हे नियम सरकारने लादलेले नव्हते, गावाने बसून केलेले होते. म्हणून ते टिकले.

मात्र नुसती बंदी केली असती तर गाव उपाशी राहिले असते. म्हणून जोडीला पाण्याचे काम झाले. उतारावर चर खणले, ओढ्यांवर बांध घातले, पाऊस जमिनीत मुरवला. विहिरींना पाणी आले तशी शेती सुधारली, चारसूत्री पद्धतीने भाताचे पीक वाढले. मोहाची फुले, औषधी वनस्पती, रानभाज्या या जंगलातूनच मिळतात. २००४ पासून येथे दरवर्षी वनभाजी पाककला स्पर्धा होते. ज्या भाज्यांना शहरातले लोक तण म्हणतात, त्या कोणत्या, कधी खुडायच्या आणि कशा शिजवायच्या, हे येथील बायका जाणतात. आमच्या भगिनी तर एका घराच्या ओट्यावर तासभर हाच विषय बोलत बसल्या. टाकळा आमच्याकडेही नाल्याकाठी उगवतो, पण आम्ही तो तुडवून जातो!

परतताना गाडीत बराच वेळ कोणी बोलले नाही. मग आमच्यातल्या एका शिक्षिकाताईंनी विषय काढला. त्या म्हणाल्या, "येथे ज्यांची चूल जंगलावर पेटते त्यांनीच नियम केले. आपण नियम करून त्या बाईला नुसते ऐकवले. तिला आपण एकदा तरी बैठकीला बोलावले होते का?" खरे होते ते. आयुष्यभर आपण म्हणत आलो की ज्याचा प्रश्न त्याला बोलू द्या, आणि स्वतःच्या वसाहतीत मात्र आम्हीच साहेब होऊन बसलो होतो.

धुळ्याला मुक्काम करून दुसऱ्या सकाळी आम्ही वाट वाकडी करून लळिंगच्या कुरणात गेलो. डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९३७ साली न्यायालयाच्या कामासाठी धुळ्यात आले होते. या कुरणातील लांडोर बंगल्यातील त्यांच्या वास्तव्याच्या स्मरणार्थ दरवर्षी ३१ जुलैला येथे भीमस्मृती यात्रा भरते. आम्हीही अनेक वर्षे तेथे जात आहोत. वंदन करून झाडाखाली जेवतो आणि येतो. आमच्या पत्रावळी, पाण्याच्या पिशव्या तेथेच राहिल्या, हे आम्ही कबूल करतो. या वेळी दोन पोती सोबत नेली होती. दोन तासांत दोन्ही भरली. ज्या सावलीत बाबासाहेब विसावले ती सावली राखणे हेही वंदनच आहे, असे आम्हाला वाटते.

घरी आल्यावर पहिल्याच रविवारी बैठक घेतली. शेळीवाल्या बाईला सन्मानाने बोलावले. ती येताना थोडी बिचकली, पण मग तिनेच मार्ग सुचवला. शेळ्या आत सोडायच्या नाहीत, तिने गवत कापून न्यावे. छाटणीच्या फांद्या चुलीसाठी तिच्या. बदल्यात रोपांवर तिचे लक्ष. पाणी घालण्याची पाळी घराघराला वाटून दिली. दोन पाळ्या चुकल्या तर पन्नास रुपये दंड. पहिला दंड या लेखकानेच भरला, हेही सांगितले पाहिजे.

भूखंड हरित जागा म्हणून राखून ठेवावा, असा अर्जही दिला आहे. अर्ज लिहिणे हे आमचे रोजचेच काम, पण स्वतःच्या वस्तीसाठी तो लिहिण्याचे इतक्या वर्षांत सुचले नव्हते. उत्तर अजून आलेले नाही. नाल्याच्या बाजूने कचरा टाकणेही पुरते थांबलेले नाही.

त्या पावसाळ्यात आम्ही फक्त ४० रोपे लावली. जेवढी सांभाळता येतील तेवढीच. हा मजकूर लिहिताना त्यांतली ३३ उभी आहेत, आणि जुन्या दोन पिंपळांपैकी वाचलेला एक आता आमच्या डोक्याच्या वर गेला आहे. कालच त्या बाईने एका मुलाला त्याची फांदी मोडताना पकडले आणि कान धरून आमच्या दारात आणले. दंड कोणी भरायचा, यावर रविवारी बैठक आहे.

वाचक बंधू-भगिनींनो, तुमच्या वस्तीजवळही असा एखादा तुकडा असेल. तेथे रोप लावण्यापूर्वी एकदा चौकशी करा, की तेथे कोणाची शेळी चरते आणि कोणाची चूल पेटते. पहिले आमंत्रण त्या घरी द्या.