मार्च लागला की नदीला पाणी कुठून येते?



आज पिकावर नाही, पाण्यावर लिहितो. माझं वावर पूस नदीच्या काठाला, पुसद शहराच्या खालच्या अंगाला आहे. शहराच्या वर पूस धरण. पावसाळ्यात नदी नदीसारखी वाहते, तेव्हा तक्रार नाही. पण दिवाळी झाली की वरचं पाणी धरणात अडते. तिथून ते कालव्यानं वावरात आणि नळानं घराघरात जाते. मग होळीच्या सुमारास माझ्या मोटारीच्या फुटवॉलखाली जे पाणी असते ते कुठलं? थोडं पाझराचं, बाकी सारं शहरानं वापरून सोडलेलं. आंघोळीचं, कपड्याचं, भांड्याचं, संडासाचं. नदीत घाण पाणी मिसळते असं आपण म्हणतो. पण मिसळायला आधी नदीचं पाणी असावं लागते ना बापा!

हे एकट्या पुसदचं नाही. वणीच्या निर्गुडा नदीबद्दल तिकडचे लोक हेच सांगतात. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळानं 2022 मध्ये देशातले 311 प्रदूषित नदीपट्टे काढले, त्यातले 55 आपल्या महाराष्ट्रातले. सगळ्या राज्यांत जास्त. कायदा तर जुना आहे. राज्यानं 1969 मध्ये केला, केंद्रानं 1974 मध्ये.

प्रदूषित कशावरून ठरवतात? बीओडीवरून. मी दहावी शिकलेला माणूस, मला हे शेणखताच्या खड्ड्यावरून समजलं. खड्ड्यात शेण कुजवणारे जिवाणू हवा खातात. तसेच पाण्यातली घाण कुजवणारे जिवाणू पाण्यातला ऑक्सिजन खातात. लिटरभर पाण्यातली घाण कुजायला तीन दिवसांत किती मिलीग्रॅम ऑक्सिजन लागला, तो बीओडी. 3 पर्यंत नदी ठीक. 30 च्या वर गेली तर सगळ्यात वाईट गटात. पहाटे मासे वर येऊन तोंड उघडताना दिसले की समजायचं, पाण्यातला ऑक्सिजन संपत आला. रात्री शेवाळही ऑक्सिजन खाते, म्हणून पहाटेच जास्त दिसते.

आता शेतकऱ्याच्या कामाचं बोलू. हे पाणी पिकाला चालते का? एका शब्दात उत्तर नाही. यात खतही आहे आणि खोटही आहे.

खताचा हिशोब पाहा. शहराच्या सांडपाण्यात लिटरला साधारण 30 ते 50 मिलीग्रॅम नत्र असते. 40 धरा. एकरात दोन इंच पाणी भरलं म्हणजे दोन लाख लिटर. त्यात 8 किलो नत्र आलं. पाच पाणी दिले तर 40 किलो. 45 किलोच्या युरियाच्या बॅगमध्ये साधारण 20 किलो नत्र असते. म्हणजे दोन बॅगा युरिया न विचारता वावरात येऊन पडला. पाझराचं पाणी मिसळलं असेल तर कमी धरा, पण येते हे नक्की.

गव्हाला हे चालते, फक्त वरून द्यायचा युरिया कमी करायचा, नाहीतर गहू लोळते. हरभऱ्याला एकरी 10 किलो नत्राची शिफारस. त्याला असे दोन पाणी दिले की 16 किलो वरून आलं. हरभरा मग नुसता पाल्यानं माजते, घाटे कमी. कपाशीचं तसंच. झाड हिरवंगार, मजुरांना आत शिरायला जागा नाही, आणि तुडतुड्याला आमंत्रण. लोक म्हणतात जमीन लय भारी आहे. जमीन नाही भाऊ, पाणी भारी आहे.

खोट कोणती? पहिली सोडियमची. मीठ आणि धुण्याची पावडर दोन्ही त्यातूनच येते. आपली काळी जमीन आधीच चिकट. सोडियम वाढलं की तिचे कण सुटतात, पावसाचं पाणी मुरत नाही, वाळली की दगड. प्रयोगशाळेच्या कागदावर तीन आकडे पाहायचे. क्षारता म्हणजे ईसी 0.75 च्या आत असेल तर निवांत, 2.25 पर्यंत जपून, त्यावर नको. आरएससी 1.25 च्या आत चांगला, 2.5 च्या वर नको. तिसरा आकडा एसएआर, तो वाढलेला असेल तर कृषी विज्ञान केंद्रात विचारून मगच जिप्सम टाका. अंदाजानं टाकू नका.

दुसरी खोट ठिबकची. सांडपाण्यात शेवाळ आणि चिकट साका असते. माझ्याकडे उन्हाळ्यात डिस्क फिल्टर रोज धुवावं लागते, तरी शेवटच्या नळीचे ड्रिपर बंद होतात.

तिसरी खोट डोळ्यांना दिसत नाही, आणि तीच मोठी. रोगजंतू. आंघोळीच्या पाण्यात 100 मिलीलिटरला जास्तीत जास्त 2500 विष्ठाजन्य कोलिफॉर्म चालतात. कच्च्या सांडपाण्यात ते लाखांत, कोटीतही जातात. कावीळ, टायफॉइड, हगवण यातूनच. जंताची अंडी तर मातीत महिनोन्‌महिने टिकतात. पाण्यात उभं राहणाऱ्या माणसाच्या पायाला खाज सुटते ती वेगळी.

आता अडचणीचं बोलतो. उन्हाळ्यात कोथिंबीर, पालक, मेथीला भाव असतो. नदीवर मोटार असलेल्याला ते चार पैसे सोडवत नाहीत. आमच्या पट्ट्यात मी पाहतो, बाजाराची भाजी नदीच्या पाण्यावर, आणि घरच्या खाण्याचा एक वाफा विहिरीवर. कोणी बोलून दाखवत नाही, पण तो वेगळा वाफाच सगळं सांगून जाते. मी उन्हाळी पालेभाजी बंद ठेवली आहे. एका बाजारकऱ्याला म्हटलं तर तो म्हणाला, "दादा, तुमच्याजवळ विहीर आहे, तुम्हाला परवडते." बरोबर बोलला. ज्याला विहीर नाही त्याला उपदेश करून काय होते? एकरभर पालेभाजीवर त्याच्या पोरीची शाळेची फी आहे.

बाजारात शहरातली बाई विचारते, "भाऊ, ही नाल्यावरची तर नाही ना?" प्रश्न रास्त आहे. पण ताई, तो नाला तुमच्याच न्हाणीतून निघाला. जे तुम्ही सोडलं ते मेथीच्या जुडीत बसून परत तुमच्याच घरी आलं. भांडण माझं-तुमचं नाहीच. पाणी साफ करून सोडा, एवढंच मागणं दोघांनी मिळून करायचं आहे.

साफ केलेल्या पाण्याला मोल असते हे नागपूरनं दाखवलं. भांडेवाडीला शुद्ध केलेलं दिवसाचं 13 कोटी लिटर सांडपाणी कोराडीच्या वीज केंद्रासाठी जाते. इस्रायल तर आपलं जवळपास 90 टक्के सांडपाणी शुद्ध करून शेतीला देते. मग आपल्या वाट्याला कच्चंच काहून? शहराला धरणाचं पाणी देताना सगळे बैठका घेतात. वापरलेलं पाणी खालच्या गावांना कसं द्यायचं, याची बैठक मी अजून पाहिली नाही.

तोवर आपल्या हातातलं करू. एक, नदीच्या पाण्यावर कच्ची खाल्ली जाणारी भाजी नको. कपाशी, गहू, गवत, झाडं चालतील. दोन, शेततळं असेल तर पाणी पाच-सात दिवस थांबवा, जंताची अंडी बरीच खाली बसतात. तीन, तुषार नको, सरीनं द्या, आणि काढणीच्या आठ-दहा दिवस आधी बंद करा. चार, पाण्यात उतरताना गमबूट. पाच, नदीकाठच्या विहिरी आणि हातपंप तपासा. ग्रामपंचायतीच्या जलसुरक्षकाजवळ छोटी बाटली असते, त्यात पाणी काळं झालं की ते प्यायचं नाही.

आणि नदीचं पाणी वर्षातून दोनदा तपासा, ऑक्टोबरात आणि मार्चमध्ये. दोन्ही कागद जवळ ठेवा. ग्रामसभेत "पाणी घाण आहे" म्हटलं तर लोक मान हलवून चहाला जातात. दोन कागद समोर ठेवले तर ठराव लिहावा लागते.

पूस पुढं पैनगंगेला मिळते, पैनगंगा वर्धेला, आणि वर्धा-वैनगंगा मिळून प्राणहिता होते. आपल्या खाली खूप गावं आहेत. आपण ज्यांना शिव्या देतो त्यांच्यासारखं आपण खालच्यांशी वागू नये. फवारणीचे डबे नदीत धुणं तरी आजपासून बंद करा.

तुमच्या गावच्या नदीला मार्चमध्ये पाणी कुठून येते, तेही कळवा.