उरलेली लांबी

प्लास्टिकच्या दारालाही चीर जाते, हे मला उतारवयात कळले. पावसात फुगत नाही, वाळवी लागत नाही, म्हणून आम्ही न्हाणीघराला ते पांढरेशुभ्र दार बसवले. आमच्या गोंदिया जिल्ह्यात मृग लागला, की लाकडी दारे चौकटीशी हट्ट धरून बसतात!

तीन वर्षांपूर्वी धाकट्याने ते रागाने आपटले. धानाची बांधी विकायची की ठेवायची, यावरून आमची जुंपली होती. तो पुण्याला निघून गेला. बिजागरीपाशी करंगळीएवढी चीर मागे राहिली. प्लास्टिक उन्हाने ताणते, गारव्याने आक्रसते. चीर वीतभर झाली. मी काय केले म्हणता? तिच्यावर रोज टॉवेल अडकवला!

गेल्या दिवाळीला तो आला. त्याने टॉवेल काढला, चिरेकडे पाहिले आणि विचारले, "बाबा, ड्रिल आहे का?"

"आता आणखी भोक पाडतोस?"

"चिरेच्या टोकाशी बारीकसे पाडले, की ती पुढे धावत नाही."

मग दार साबणाने धुऊन कोरडे केले, कडा काचकागदाने खरवडल्या. कारागीर जिला लांबी म्हणतात, ती त्याने बाजारातून आणली. तिच्या दोन रंगांच्या दोन कांड्या असतात. दोन्हींचे सारखे तुकडे घेऊन एकच रंग होईपर्यंत मळायचे आणि लगेच भरायचे. तो मळत होता, मी चिरेत दाबत होतो. स्वयंपाकघरातून ही म्हणाली, "करंज्यांच्या वेळी कुठे असतात हे दोघे?"

थोडी लांबी उरली. आजी उरलेली शेणमाती ओल्या गोणपाटाखाली ठेवायची. त्या सवयीने मी गोळी डबीत घातली. तो हसला. "मळलेली टिकत नाही, बाबा. ती वाळत नाही, आतल्या आत घट्ट होते. न मळलेले तुकडे वेगवेगळे गुंडाळा आणि घट्ट झाकणाच्या डब्यात, थंड जागी ठेवा."

सकाळी गोळीचा दगड झाला होता. मनात आले, तीन वर्षे मीही एक वाक्य असेच मळून ठेवले होते. चहा घेताना ते कसेबसे काढले, "त्या दिवशी मी फार बोललो."

"मीही," तो म्हणाला.

दारावर भरलेली रेघ दिसते. रंग तंतोतंत जुळला नाही. बांधीचा निर्णयही व्हायचा आहे. पण लांबीचा डबा कुठल्या फळीवर आहे, ते आता दोघांनाही ठाऊक आहे.